पहिलाच जड असतो

सदरच्या त्या दुकानात कूलरचा आवाज जास्त, वारा कमी.
काचेवर हिरवं कापड, कापडावर तीन पिस्तुलं,
आणि ताहेरभाई तेलकट फडक्यानेच चष्मा पुसत म्हणतात,
"लांजेवार बाई, चमक नका पाहू. चाप पाहा."

परवान्याला चौदा महिने लागले.
कशासाठी पाहिजे, हे सातव्यांदा विचारलं
तेव्हा सातव्यांदा लिहिलं : उमरेड रोड, पेट्रोल पंप, रात्रीची रोकड.
एवढंच लिहिलं नाही की तो पोरगा
आमच्या नोझलवरच्या शेषरावच्या वयाचा होता,
आणि थरथरत होता तो हात की कट्टा
हे मला अजून सांगता येत नाही.

ताहेरभाई भंगारवाल्याकडे असतो तसला ताणकाटा काढतात,
त्याचा आकडा चापाला अडकवून ओढतात.
पहिलं पिस्तूल : घोडा आधीच मागे चढवलेला,
दोन किलोला टक्.
"नेम एकदम मस्त. पण खटका लावाले विसरल्या,
आन् पर्समध्ये काही अडकलं त..."
पुढचं ते बोलत नाहीत, पर्सकडे बघतात फक्त.

दुसरं : लांबलचक ओढ.
काटा सरकतो, तीन, चार, पाचाच्याही वर,
घोडा आळस दिल्यासारखा मागे जातो
आणि पडतो.
"याचा पहिलाच जड असते, बाई. बाकीचे सारे हलके.
एक गोळी सुटली का घोडा आपोआप चढून बसते."

ते यंत्राबद्दल बोलत होते.

पहिलाच जड.
माप मारताना पकडला तेव्हा
आमचा जुना मॅनेजर हेच म्हणाला होता,
पहिल्या महिन्यात जड गेलं ताई, मग नाही.
आणि माझ्या नवऱ्याने पहिला हात उचलला
त्या रात्री तो गच्चीवर बसून राहिला उजाडेपर्यंत.
दुसऱ्या वेळी
जेवून झोपला.

चाप मला नवीन नाही.
अकरा वर्षं नोझल धरलंय, शेषराव सुट्टीवर असला की.
त्याचाही चापच. पण टाकी भरली
की आतून कुणीतरी पुरे म्हणतं,
टक्, बंद.
याच्यात कुठे असतं ते, विचारलं मी.
ताहेरभाई हसले नाहीत.
"ते तुम्हालेच आणा लागते घरून."

तिसऱ्याला घोडा दिसतच नाही.
"दरवेळी सारखाच, ना जड ना हलका. आजकाल हेच खपते."
मी बोट लावून पाहिलं.
फार समजूतदार होतं ते, पटकन हो म्हणणारं.

"दरवेळी जड असलेलं आहे का?
पहिला तसाच दुसरा, दुसऱ्यासारखाच तिसरा?"

"आहे ना. पण कोनी घेत नाही.
हात थकते बाई. नेम हलते."

त्या पोराच्या कट्ट्याचा चाप किती किलोचा होता?
कुणी काटा लावला नाही.
पंचनाम्यात कट्ट्याची लांबी आहे, गेलेली रक्कम आहे,
आणि ज्या कशामुळे मी आज या स्टुलावर बसलेय
त्याचं वजन नाही.

"थकू द्या," म्हटलं.

"मागवा लागन. महिना जाईल."
आगाऊ रकमेची पावती त्यांनी कार्बन घालून लिहिली,
जोर देऊन, खालच्या कागदावर उमटेल अशी.

बाहेर मे महिन्याची दुपार, स्कूटीची सीट तव्यासारखी.
चाप ओढून ओढून बोटावर पडलेली लाल रेघ
कॉटन मार्केट आलं तरी गेली नव्हती.