उशिराची नोंद

वॉर्ड ऑफिसात बत्तीस वर्षं
जन्ममृत्यूच्या खिडकीमागे बसले.
आता भांडुपला सोसायटीची बाग माझ्याकडे,
म्हणजे एक पाइप, एक खुरपं
आणि जुन्या सवयीनं आखलेली वही.
नाव. जन्मस्थळ. कधी आली.

सदाफुली : मादागास्कर.
लिहिताना हात अडला.
सासूबाई साखरेसाठी रोज सकाळी
तिचीच पानं चावायच्या, तोंड वाकडं करून.
गुलबक्षी : पेरू.
पांढरा चाफा : मेक्सिकोकडचा,
वागतो मात्र देवळाच्या पायरीशी जन्मल्यासारखा.
क्रोटन : कुठलीशी बेटं. सेक्रेटरी खांडेपारकरांचा लाडका,
त्यामुळे चौकशी नको.

मूळच्यांसाठी वेगळं पान सोडलं.
तामण. (नर्सरीवाला म्हणाला, तामणच आहे,
फुलेल तेव्हा बघा.)
कुडा. दोनदा लावला, दोनदा गेला.
पान बरंच कोरं आहे.

आणि मागच्या भिंतीशी, कुणी न लावता,
घाणेरी.
एकाच गुच्छात केशरी, गुलाबी, पिवळी,
वर फुलपाखरं, खाली बुलबुलांची ये-जा,
काळी फळं खाऊन ते पलीकडच्या टेकडीवर
तिचंच बी टाकून येतात.

उपटायला बारकू दुमाडा आला, आरेतल्या पाड्यावरचा.
म्हणाला, हिच्याखाली गवतसुद्धा धरत नाही, बाई.
शेवाळं यायची आमच्याकडं, कवला यायचा,
आता आत पायच घालवत नाही.

गेटवरच्या पाससाठी त्याचं कार्ड पाहिलं.
जन्मतारीख एक जानेवारी.
त्याच्या बायकोचीही एक जानेवारी.
भावाचीही, म्हणाला, आणि हसला.
मी हसले नाही.
आमच्यातल्याच कुणीतरी, जेवणाच्या सुट्टीआधी,
रांग संपवायला लिहिली असणार.

खरी कधीची रे?
आई सांगायची, बहावा फुलला होता.
मला घेऊन ती खाली बसायची
तर अंगावर पिवळं पिवळं पडायचं.
एवढं सांगून तो परत ओढायला लागला.
खोड आलं. मूळ मात्र मध्येच तुटलं,
अर्धं आत राहिलं.

रात्री वहीत बहाव्याचं पान काढलं.
लावलेला नाही अजून, जागाही ठरलेली नाही;
खांडेपारकर म्हणतील, शेंगा पडतात, कचरा होतो.
जन्मस्थळाच्या रकान्यात लिहिलं : इथलाच.
कधी आली, तिथं पेन टेकवून बसले.
उशिराच्या नोंदीला दंड घ्यायचे मी,
पावतीसकट, सुटे पैसे मागून.
हा दंड कुणी कुणाला भरायचा
ते कुठल्या परिपत्रकात वाचल्याचं आठवेना.

बोटांना घाणेरीचा वास येतोय.
दोनदा साबण लावला.
उद्या बारकू टिकाव घेऊन येणार आहे,
उरलेल्या मुळासाठी.