तुरळक ठिकाणी

पहाटे साडेतीनला रास अल खैमाच्या बंदरावर
माझी पत्र्याची केबिन तेवढी जागी असते.
पंधरा अंशांना इथं कडाका म्हणतात,
सात वर्षांत मीही म्हणायला लागलो,
खुर्चीच्या पाठीवर कायमचा एक स्वेटर.

समोर दोन पडदे, दोन मॉडेल्स.
एक म्हणतं, गुरुवारी दुपारी वादळी पाऊस.
दुसरं तेच ढग उचलून
इराणच्या डोंगरात नेऊन सोडतं.
दोघांच्या मागे खोल्या भरून यंत्रं आहेत,
माझ्याकडे सहापर्यंतचा वेळ
आणि भरायला एक रकाना:
शक्यता, टक्क्यांत.

सोमवार, मंगळवार सोपे.
शमाल पडेल, लाटा अडीच फूट, सकाळी धुकं.
बुधवारपासून मात्र रेघ फाटते.
एका बिंदूतून निघालेल्या पन्नास रेघा
झोपेतून उठलेल्या पोरीच्या केसांसारख्या
आठवड्याच्या टोकाला पिंजारतात.

अकोल्याला रेडिओवर एक बाई सांगायच्या,
"तुरळक ठिकाणी हलक्या सरींची शक्यता."
बाबा घड्याळं दुरुस्त करायचे.
डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणायचे,
"म्हणजे आपल्याकडे नाही.
आपण कधी तुरळक नसतो."
तो शब्द मी सामानातून इथवर आणला
आणि तो कुठल्याच अहवालात बसत नाही.
इंग्रजीत गेला की नुसता विखुरतो.
रम्सच्या हमदानला समजावून सांगितला,
तर म्हातारा जाळ्याची गाठ मारत म्हणाला,
"म्हणजे ज्याला पत्ता माहीत आहे असा पाऊस."

हमदान सुहैल उगवल्यापासून दिवस मोजतो,
दहा-दहाच्या पेंढ्या बांधून.
त्याचा सुहैल म्हणजे आपला अगस्ती.
समुद्र पिऊन बसलेल्या ऋषीला
हे लोक समुद्राचाच अंदाज विचारतात,
आणि तो निदान टक्के सांगत नाही.

गुरुवारी तीनशे टनांचा सांगाडा उचलायचा होता.
मी लिहिलं: चाळीस.
घस्साननं कागद टेबलावर आपटला.
"चाळीस म्हणजे काय?
क्रेन चाळीस टक्के वर नेऊ
आणि तिथंच ठेवू?"
मग स्वतःच म्हणाला, रद्द.

गुरुवारी आकाश असं, की निळीत बुचकळून वाळत घातलंय.
एक ढग नाही. झेंडासुद्धा लोंबता.
क्रेन दिवसाच्या भाड्यावर मान ताठ करून उभी.
कुणी काही बोललं नाही, तेच जड गेलं.
बार्जवरच्या रोदेलनं जेवणाच्या सुट्टीत
मला एक केळं दिलं,
आजाऱ्याला देतात तसं.

शनिवारसाठी मी लिहिलं होतं: निरभ्र.
शहरात होतंही निरभ्र.
रात्री दहाला हमदानचा फोन, "ये."
वाडीच्या काठावर माणसं, मोबाइलचे दिवे,
वर सगळ्या चांदण्या जागच्या जागी
आणि त्यांच्याखालून
डोंगरातलं पाणी येत होतं,
तपकिरी, दगड लोटत,
एक निळा पिंप, एकच चप्पल,
मुळासकट एक बाभळीसारखं झाड.
इथं थेंबही नाही. कोरड्या हवेत
ओल्या मातीचा वास तेवढा.
पोरं ओरडत होती, जवळ जात होती, मागे पळत होती.
हमदाननं काठी पाण्याकडे केली,
"तुरलक," म्हणाला.
त्याच्या जिभेला ळ नाही,
पण शब्द त्याला कळला होता,
बहुधा माझ्याहून बरा.

आता रविवारची रात्र उलटून गेलीय.
पुढचे सात दिवस पडद्यावर उलगडून ठेवलेत,
रेघा पुन्हा पिंजारलेल्या, या खेपेला मंगळवारपासूनच.
रकाना रिकामा आहे.
बूट हीटरजवळ वाळत घातलेत,
शिवणीतून गाळ निघतोय,
तांबूस, बारीक, वरच्या डोंगरांचा.
तिथं नक्की किती मिलिमीटर पडला
हे मोजायला कुणी नव्हतं.