खुर्च्यांची वही

आमच्या खुर्चीच्या पाठीवर तेलरंगात असतं
रो. मं. सेलू.
रोशन मंडप. अब्बांनी स्वतः ब्रश धरून लिहिलेलं,
त्यांना लिहिता येतं ते एवढंच.
वही माझ्याकडं.

कापूस वेचणीला आला आणि सभा सुरू झाल्या.
सोमवारी दासरावसाहेब, बाराशे खुर्च्या.
मंगळवारी मुंजाभाऊ, त्याच बाराशे,
तेच मैदान, झालर तेवढी बदलली.
एकानं दुसऱ्याला चोर म्हटलं,
दुसऱ्यानं पहिल्याला जे म्हटलं
ते लिहीत नाही. वहीत आकडे लिहायचे असतात.

रात्री दिगांबर खुर्च्या धुवायचा.
शेंगांची टरफलं, आठ घड्या घातलेली मतदार चिठ्ठी,
एका पायाची बाळचप्पल,
आणि बुधवारी पहाटे एक कवळी. वरची.
कागदात गुंडाळून गल्ल्यात ठेवली.

आमच्याकडून निवडून आले रुखमाजी,
अपक्ष, चिन्ह शिलाई मशीन.
त्यांनी एकही सभा घेतली नव्हती,
एकही खुर्ची नेली नव्हती.
तिकडं मुंबईत मात्र कुणालाच पुरत नव्हतं.
टीव्हीवर बारा दिवस
एकशे पंचेचाळीस, एकशे पंचेचाळीस,
हे आमदार हॉटेलात, ते आमदार बसमध्ये,
आमचे रुखमाजी फोन बंद करून कुठंतरी.
अब्बा सुपारी कातरत म्हणाले,
"बेटा, मोजणं सोपं. थप्पी लावणं अवघड."

हे मला माहीत होतं.
जालन्याहून आणलेली खुर्ची
नांदेडच्या खुर्चीत बसत नाही.
दिसायला दोन्ही लालच,
पण पायाचा कोन दोन बोटं वेगळा.
घाईत एखादा पोरगा दाबून बसवतो,
थप्पी उभी राहते, टेम्पोतून जातेसुद्धा.
सोडवताना मग गुडघा लावा, गरम पाणी ओता,
एकीचा तरी पाय जातोच.

तेराव्या दिवशी शपथ झाली.
तेराव्याला गोड करतातच.
चौकात पेढे वाटले, दोन पक्षांचे दोन गुलाल
एकाच टोपल्यात कालवले.

मी बिल घेऊन दासरावसाहेबांच्या बंगल्यावर गेले.
"आता आपण सगळे एकच. मुंजाभाऊकडं जा."
मुंजाभाऊ म्हणाले, "माझ्याकडं कामून?
खर्चाचं समदं साहेबांकडं गेलं."
दोघंही पडलेले, दोघांचेही पक्ष सत्तेत.
मग दोघांच्या माणसांनी मिळून नवी ऑर्डर दिली,
उधारच:
सत्काराला दोन हजार खुर्च्या,
स्टेजवर लग्नातला लाल मखमलीचा सोफा,
दोघांना पुरेल असा.
आणि रुखमाजींसाठी बाजूला एक साधी.
तिला कव्हर घाला म्हणाले.
घातलं. कव्हर पातळ होतं,
मागून आमचं नाव वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी पाथरीकडचे एक आजोबा आले,
तोंडाचं बोळकं, हात जोडलेले.
"कुठल्या सभेला होता?"
"दोन्हीला, माय. खिचडी दोन्हीकडं होती.
दुसरीकडची जरा कडक."
नळाखाली धुऊन त्यांनी कवळी बसवली,
दोनदा जबडा मिटून पाहिला,
मग स्वच्छ शब्दांत विचारलं,
"आलं का मग? कुणाचं आलं?"
मी वहीत पाहत राहिले.

बाराशे गेल्या, अकराशे त्रेसष्ट आल्या,
सदतीस येणे बाकी.
त्यातली एक मला सरकारी दवाखान्यात दिसली.
नाव कुणीतरी खरवडलेलं, पण मं. शिल्लक होता.
दिवस भरलेली एक बाई तिच्यावर बसली होती,
पाय सुजलेले, चपला काढून ठेवलेल्या.
डॉक्टर अजून यायचे होते.

घरी येऊन मी सदतीसचे छत्तीस केले.