यवतेश्वर घाट, तिसरं वळण

शहाण्णव किलो मी. वय बावन्न.
सायकल नऊ किलोची, अजून हप्ते चालू.

समर्थ मंदिरापर्यंत ठीक होतं.
मग जबडा दुखायला लागला.
जबडा! पाय नाही, गुडघा नाही.
दाढ असेल, म्हटलं.
मागच्या रविवारी पित्त म्हटलं होतं,
त्याआधी रात्रीचं मटण.

पुढून घोरपड्यांचा पोरगा ओरडला,
“काका, चहा वरच!”
आणि मी पायडल मारलंही, दोनदा,
त्या हाकेच्या लाजेनं.

घाम गार होता. डिसेंबरात.

उतरलो. सायकल कठड्याला लावली.
खाली सातारा, सगळा उतारच.
तरी उतरलो नाही,
बसलो, वैजयंताला फोन लावला.

“पंक्चर?” तिनं विचारलं.
‘हो’ जिभेवर आलंच होतं.
“छाती,” म्हटलं. “गाडी घेऊन ये.”