बोटभर राजवाडा

टेबलाच्या काचेखाली युरोपचा नकाशा,
त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग,
साधारण व्हिएन्नाभोवती.

नऊ वर्षं रुवीतल्या या दुकानात बसून
मी लोकांना राजवाड्यांत पाठवते.
कुठल्या दारी रांग कमी, कुठे पिशव्या काढून घेतात,
आरसेमहालात सकाळीच जा, मग गर्दीचे चेहरेच दिसतात,
सगळं तोंडपाठ.
माझ्या पासपोर्टात मस्कत-मुंबई, मुंबई-मस्कत.

परवा टिपणीस जोडपं परतलं.
फ्रिजला चिकटवायचा राजवाडा दिला, बोटभर.
कसं होतं?
काका म्हणाले, पाय फार दुखले.
काकू म्हणाल्या, राणीची खाट इवलीशी गं,
कूस बदलली तर पडेल बिचारी.
मग दोघं बराच वेळ
त्या खाटेबद्दलच बोलत राहिले.

शुक्रवारी मी जबरीनला गेले.
उन्हात मातीच्या रंगाचा, आत थंडगार.
पहारेकरी खलफाननं खजुराची कोठी दाखवली:
जमिनीत पन्हळी,
वर रचलेल्या पोत्यांच्या भारानं
रस आपसूक ओघळायचा, थेंब थेंब, हंड्यात.
आणि वरच्या मजल्यावर इमामाच्या घोड्याची खोली.
घोडा जिना चढायचा कसा?
खलफान हसला,
"चढेल हो. उतरायचा कसा, ते विचारा."

रविवारी दुकान उघडलं.
नव्या गिऱ्हाइकाला व्हिएन्ना दाखवताना
बोट नकाशावर
जरासं चिकटलं.