खेप

सकाळी सहाला मी खिडकी उघडते.
कुळ्याच्या रस्त्यावर जीपांची रांग आधीच लागलेली,
बॉनेटवर दव,
आणि प्रत्येक काचेवर बाहीनं पुसलेला
बघण्यापुरता एक चौकोन.
माझ्यापुढे वही, शिक्का, सुट्टे पैसे.
सात माणसं, एक जीप, एक खेप.

खेप हा शब्द आमच्या घरात जुना.
बाबा खाणीचा ट्रक चालवायचे तेव्हाही
रात्री ताट वाढताना आई एवढंच विचारायची,
आज किती?
पाच म्हणाले तर सुकी सुंगटं,
दोन म्हणाले तर भातावर नुसती सोलकढी.
तेव्हा डोंगर खाली जायचा, धक्क्यावरच्या बार्जपर्यंत.
आता माणसं वर येतात,
उरलेला डोंगर बघायला.

मधली तीन वर्षं ट्रक फणसाखाली उभा होता.
हौद्यात तेरडा उगवला, चांगला फुलला.
भंगारवाल्यानं तेरड्यासकट वजन केलं.
मग पतपेढी, मग दोन जामीन,
मग ही जीप, नंबर एकशे चौदा.

शनिवारी नंबर दोनदा फिरतो.
मंगळवारी रांग बावन्नवर थांबते
आणि त्रेपन्न नंबरचा रुझार
धुतलेले टायर पुन्हा धुतो.
खिडकीपाशी येऊन विचारत नाही काही.
नुसता वहीत डोकावतो,
जणू कुणी आजारी आहे आत.

गिऱ्हाईक विचारतं, इथून बीच किती लांब?
इथं गोव्यात आल्यासारखं वाटतच नाही.
मी सांगते, अडीच तास.
मी स्वतः दोनदाच गेले आहे,
एकदा शाळेच्या सहलीत,
एकदा अजितला कळंगुटच्या हॉटेलात पोचवायला.
तो तिथं टॉवेलांचे हंस करतो.
पहिल्या आठवड्यात त्यानं फोटो पाठवला होता:
पांढऱ्या पलंगावर दोन हंस, चोचीला चोच.
आई म्हणाली, आणि निजायचं कुठं?

जानू झोरे रोज दुधाची किटली घेऊन उतरतो.
म्हशी बारा होत्या, आता चार.
चरायची वाट अभयारण्यात गेली,
पाटी लागली, जानू पाटीला वळसा घालायला शिकला.
परवा चहाच्या टपरीवर एक बाई म्हणाली,
दूध फारच पातळ आहे हो तुमच्याकडे.
तिच्या डोक्यावर दूधसागराचं पोस्टर होतं,
कडेकड पांढरं.
जानू हसला. मी हसले नाही,
मला पुढच्या सातांची नावं लिहायची होती.

संध्याकाळी आई लाइफ जॅकेटं दोरीवर टाकते.
चाळीस नारिंगी छात्या, आत कुणी नाही,
वाऱ्यानं एकमेकींना खेटतात.
एकीच्या खिशात कधी गॉगलची काडी निघते,
कधी ओला, न वाचता येणारा कागद.
आई तो वाळवते. फेकवत नाही म्हणते.

जूनमध्ये रस्त्यावर साखळी पडते.
धबधबा भरात येतो
तेव्हाच आमची खिडकी बंद.
बाबा जीपची बॅटरी काढून
खाटेखाली ठेवतात, फडक्यात गुंडाळून.
हप्ता मात्र साखळी ओलांडून
पाच तारखेला बरोबर घरी येतो.

जुलैच्या एका रात्री झोप लागेना.
बाबा पडवीत बसले होते.
लांबून तो आवाज येत होता,
चढावर पहिल्या गिअरात
शेकडो ट्रक एकदम चढावेत तसा.
सकाळी नदी तांबडी झालेली.
डोंगर पुन्हा खाली निघाला होता,
बिल नाही, चलन नाही, कुणाचा नंबर नाही.
बाबा म्हणाले, मोठी खेप आहे आज.

आई आतून, चुलीजवळून,
जुन्या सवयीनं म्हणाली, किती?

बाबांनी उत्तर दिलं नाही.
खाटेखालची बॅटरी ओढली,
फडकं सोडलं, पुन्हा बांधलं.