न केलेली नोंद

तक्ता बिश्केकहून येतो.
गुळगुळीत कागद, महिन्याला एक चौकोन,
वर छापलेलं गुबगुबीत बाळ,
आणि त्याच्या खोलीत चूल नाही.

इथे आत-बाशीत तेरा घरांना तान्ही बाळं.
मी निवा गाडीतून फिरते, बर्फ फार झालं तर घोड्यावरून.
माझ्या पेनातली शाई नोव्हेंबरातच गोठते.

जिपाराचं पोर सात आठवडे आधी आलं,
जानेवारीत, उणे एकतीस असताना.
फरच्या टोपीत घालून तोललं मी त्याला :
एक किलो आठशे,
टोपी वजा जाता.

पुढे एकदा विचारलं, किती महिन्यांचा झाला तिलेक?
तीन, जिपारा म्हणाली.
पाच होतील आता, फोनवरून मेदेर म्हणाला,
नोवोसिबिर्स्कच्या गोदामातून, पाठीमागे ट्रक मागे घेत असलेले.
दोघंही खरंच बोलत होते.
तो मोजत होता पोर आलं त्या दिवसापासून,
ती, यायला हवं होतं त्या दिवसापासून.
तेव्हापासून मी त्याच्या तक्त्यावर पेन्सिल वापरते.

मान धरली मे संपताना.
कुरणावरच्या तंबूत, जुलैत, पालथा पडला
आणि हात पोटाखाली अडकला म्हणून
सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असा रडला.
बसला सफरचंदं उतरली तेव्हा, जेमतेम,
पोत्यासारखा, एका बाजूला कलून.
रांगला, पण उलटा.
खेळण्याकडे बघत बघत मागे मागे जायचा
आणि टेबलाखाली जाऊन खेळण्यावरच चिडायचा.
या प्रकाराला तक्त्यात चौकोन नाही.

पहिला शब्द : अत.
अत म्हणजे आमच्यात घोडा. अता म्हणजे बाप.
खिडकीबाहेर घोडा होता,
हातात फोन होता.
जिपाराने शेवटचा काना आपल्या पदरचा घातला
आणि नोवोसिबिर्स्कला कळवून टाकलं.

जानेवारी पुन्हा आला.
शेजारणी विचारू लागल्या, दोरा कधी कापायचा?
मूल पहिलं पाऊल टाकतं तेव्हा
त्याचे पाय काळ्या-पांढऱ्या लोकरीच्या दोऱ्याने बांधतात,
गल्लीतली पोरं धावत सुटतात,
जो पहिला पोचेल त्याने तो कापायचा.
जिपाराने दोरा कधीच वळून ठेवला होता,
चुलीशेजारच्या खिळ्याला.
धुराने त्यातला पांढरा पिवळा पडत चालला.
पोरं बर्फात शर्यतीचा सराव करत राहिली.
तिलेक बाकाला धरून उभा राही
आणि बाक सोडायचं नाव नको.

फेब्रुवारीत, एका मंगळवारी,
जिपारा पाण्याला गेली होती.
मी वजनकाटा काढत होते.
त्याने बाक सोडला.
कुणी काही म्हटलं नव्हतं. माझ्या पिशवीचं बक्कल चमकलं, एवढंच.
एक. दोन. तिसरं जरा तिरकं.
चौथं अर्धं टाकलं
आणि बुडावर बसून माझ्याकडे असं पाहिलं
की जणू हे मीच केलं.

जिपारा आली. पापण्यांवर दंव, दोन्ही हातांत बादल्या.
काही केलं का याने?

अठ्ठावीस वर्षं या वहीत मी खोटं लिहिलेलं नाही.
पण आमची जुनी माणसं सांगत,
दुसऱ्याचा दुरंगी दोरा ओलांडू नये :
जे आपलं नाही ते उचलू नये.

केलं ना, म्हणाले. लंगोट ओला केला.

नऊ दिवसांनी तिचा फोन आला.
काय बोलत होती कळेना, मागे सगळं घर ओरडत होतं.
मेदेरलाही दाखवलं म्हणे,
पण फोन धरणारा हात थरथरत होता,
त्याला नुसतं छत दिसलं.
छत, दिव्याची वायर,
आणि थप. थप. थप.

शर्यत पोस्टमनच्या धाकट्या मुलीने जिंकली.
कात्री बोथट होती, बराच वेळ लागला.

मी त्या चौकोनात जिपाराने सांगितलेली तारीख घातली.
पेन चुलीपाशी धरून गरम केलं
आणि शाईने लिहिली.